रॉब शाळेचं दार: सराव सक्तीचा होता, झालाही होता, तरी ७७ मिनिटं गेली

लॉकडाउन म्हटलं की आपल्याला २०२० सालचा मार्च आठवतो. अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या मुलांना, ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांतल्या मुलांनासुद्धा, हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ आहे: शाळेत बंदूकधारी घुसला तर दार बंद, दिवे बंद, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात गप्प बसायचं. टेक्सासमध्ये हा सराव दर सत्रात एकदा, म्हणजे वर्षातून दोनदा घ्यावाच लागतो. युवाल्डे गावातल्या रॉब प्राथमिक शाळेतल्या दुसरी ते चौथीच्या मुलांनाही तो ठाऊक होता. २४ मे २०२२ रोजी, उन्हाळ्याची सुट्टी लागायला दोन दिवस उरले असताना, त्याच शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या.

पोलिसांनी कच खाल्ली, म्हणून हे प्रकरण जगभर गाजलं. ते खरंच आहे. पण शाळांत आणि सार्वजनिक इमारतींत असं प्रशिक्षण सक्तीचं करा म्हणणाऱ्यांनी ते दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवं. सक्तीच्या यादीत जे जे असतं, त्यातलं जवळजवळ सगळं युवाल्डेत झालेलं होतं.

कागदावरची तयारी

मे २०१८ मध्ये टेक्सासमधल्याच सँटा फे हायस्कूलमध्ये १० जणांचा बळी गेला. त्यानंतर २०१९ साली राज्याने प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (काही शाळांचा मिळून असलेला स्वतंत्र कारभार) आपत्ती आराखड्यात गोळीबारासाठी वेगळं धोरण लिहिणं बंधनकारक केलं. राज्याच्या शाळा सुरक्षा केंद्राने १,०२२ डिस्ट्रिक्टची कागदपत्रं तपासली. ६२६ ठिकाणी धोरणच नव्हतं, १९६ ठिकाणी अपुरं होतं. पास झाले फक्त २००. युवाल्डे त्या दोनशेंत होतं.

डिस्ट्रिक्टचं स्वतःचं सहा जणांचं पोलीस दल होतं आणि अशा प्रसंगी सूत्रं त्या दलाच्या प्रमुखाने हातात घ्यायची, हे लिहून ठेवलेलं होतं. हल्ल्याच्या दोन महिने आधी, मार्च २०२२ मध्ये, याच दलाने गावच्या हायस्कूलमध्ये गोळीबाराच्या प्रसंगाचं प्रशिक्षण भरवलं. पहिल्यांदा पोहोचणाऱ्या पोलिसाला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागेल, आणि ज्याची तयारी नसेल त्याने दुसरं काम शोधावं, इतक्या स्वच्छ शब्दांत त्या अभ्यासक्रमात लिहिलेलं होतं. धोक्याची सूचना देणारं मोबाइल ॲप होतं. वर्गांची दारं कायम कुलूपबंद ठेवायची, असा नियम होता.

घडलं ते असं

सकाळी ११:२८ वाजता अठरा वर्षांच्या हल्लेखोराची गाडी शाळेजवळच्या चारीत गेली. पाच फुटी कुंपण चढून तो आवारात आला. त्याला पाहून एका प्रशिक्षिकेने रेडिओवरून कळवलं. ११:३३ वाजता तो पश्चिमेच्या दाराने इमारतीत शिरला आणि १११ व ११२ या आतून जोडलेल्या दोन खोल्यांत घुसला. पोलीस इमारतीत यायच्या आत, जेमतेम अडीच मिनिटांत, त्याने शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या होत्या. पहिले पोलीस तीन मिनिटांच्या आत पोहोचले. ११:३७ च्या सुमारास ते वर्गाच्या दारापर्यंत गेले, आतून गोळ्या आल्या, दोघांना चाटून गेल्या, आणि सगळे मागे सरले. दार उघडून हल्लेखोराला मारलं तेव्हा १२:५० झाले होते. तोवर आवारात वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ सशस्त्र अधिकारी जमलेले होते.

आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. २००० ते २०१३ या काळातल्या अशा हल्ल्यांचा एफबीआयने अभ्यास केला, तेव्हा ज्या ६३ घटनांचा कालावधी कळू शकला त्यांतल्या ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या, आणि २३ तर दोन मिनिटांच्या आत. पोलीस कितीही चपळ असले तरी ती पहिली दोन मिनिटं शाळेचीच असतात. रॉबमध्ये गाडी कोसळल्यापासून हल्लेखोर आत शिरेपर्यंत पाच मिनिटं मिळाली होती. या हिशेबात ती पुष्कळच.

दार

पश्चिमेचं बाहेरचं दार आधी एका शिक्षिकेने दगड लावून उघडं ठेवलं होतं. धोका दिसताच तिने दगड काढून दार ओढून घेतलं. सुरुवातीला तिच्यावरच ठपका आला. नंतर कॅमेऱ्यातून तिचं म्हणणं खरं निघालं. दार मिटलं होतं, पण कुलूप लागलेलंच नव्हतं. राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी जून २०२२ मध्ये साक्ष देताना सांगितलं की ते दार आतून पाहून कुलूपबंद आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. बाहेर जाऊन हँडल फिरवून पाहिलं तरच कळलं असतं. बाहेर हल्लेखोर होता.

वर्गांच्या दारांची तऱ्हा याहून वाईट. या शाळेतली कुलपं फक्त बाहेरून, चावीनेच लागत. म्हणजे गोळ्यांचा आवाज आल्यावर शिक्षिकेने दार उघडायचं, कॉरिडॉरमध्ये यायचं, थरथरत्या हाताने चावी भोकात घालायची, फिरवायची आणि आत शिरून दार ओढायचं. डिसेंबर २०१२ मध्ये असाच गोळीबार झालेल्या सँडी हूक शाळेतही अशीच कुलपं होती, आणि त्या घटनेनंतरच्या आयोगाने प्रत्येक वर्ग आतून कुलूपबंद करता आला पाहिजे, ही शिफारस ठळकपणे केली होती. जुन्या कुलपांवर एकच तोडगा असतो: हँडल आधीच लॉक करून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी दार नुसतं ओढलं की पुरे. नियम तोच सांगत होता.

आता वर्गातला दिवस डोळ्यांपुढे आणा. मुलं शौचालयाला जातात, परत येतात, दार ठोठावतात. दर वेळी शिक्षिकेने शिकवणं थांबवून उठायचं. बदली शिक्षकाकडे तर चावीच नसते. रॉबमध्ये चाव्यांचा तुटवडा होता. मग चौकटीवरच्या पट्टीच्या भोकावर चुंबक चिकटवायचा, म्हणजे दार मिटतं पण लॅच (दाराच्या कडेची जीभ) अडकत नाही. नाहीतर दगड, नाहीतर लाकडी पाचर. टेक्सास विधिमंडळाच्या चौकशी समितीने जुलै २०२२ च्या अहवालात नमूद केलं आहे की कुलूप चुकवायची ही युक्ती बदली शिक्षकांच्या सोयीसाठी शाळेनेच सुचवली होती. हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येत नाही. पाळता न येणारा नियम केला की माणसं त्यातून वाट काढतातच; त्यांना चावी द्यायची सोडून चुंबक दिला गेला.

१११ क्रमांकाच्या खोलीचं दार नीट लागत नाही, हे शाळेत बऱ्याच जणांना माहीत होतं. लॅच भोकात बसायला दार जोरात ढकलावं लागे. तोंडी सांगून झालं होतं. दुरुस्तीची लेखी वर्क ऑर्डर कधी निघालीच नाही.

आणि यानंतरचा भाग वाचताना हात कपाळावर जातो. कॉरिडॉरमधले पोलीस धरून चालले की दार कुलूपबंद आहे. चाव्यांचे जुडगे मागवले गेले, त्यांतल्या चाव्या दुसऱ्याच दारावर लावून पाहिल्या गेल्या, मास्टर चावीसाठी धावाधाव झाली. १११ चं हँडल फिरवून पाहायला कुणी गेलं नाही. चौकशीचा निष्कर्ष असा की ते दार बहुधा सुरुवातीपासूनच उघडं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतक्या भीषण अर्थाने क्वचितच खरी ठरली असेल.

दाराची तपासणी कशी करायची, ते इथेच सांगून टाकतो. दोन माणसं लागतात, एक आत, एक बाहेर. दार अर्धं उघडून सोडून द्यायचं, हाताने ढकलायचं नाही. वरच्या क्लोजरने ते आपोआप मिटून लॅच खट्कन बसला पाहिजे. मग बाहेरच्याने हँडल न फिरवता ओढायचं, नंतर फिरवून ओढायचं. दोन्ही वेळा हललं नाही तरच पास. चौकटीच्या पट्टीत कागदाचा बोळा, चिकटपट्टी, चुंबक आहे का, ते पाहायचं. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झाले की दार दोन-तीन मिलिमीटर खाली उतरतं आणि लॅच भोकाच्या खालच्या कडेला अडतो. लाकडी दार दमट हवेत फुगलं की हेच. बाहेरच्या दारांना आणखी एक दुखणं असतं: एसीच्या हवेच्या दाबाने दार बोटभर उघडं राहतं आणि लांबून मिटल्यासारखं दिसतं. दाराला मिनिटभर धरलं तर तीस दारांना अर्धा तास. आतून लागणारं कुलूप बसवतानाही एक पथ्य आहे. आगीच्या नियमांप्रमाणे आतल्या माणसाला चावीशिवाय, हँडलच्या एका हालचालीत बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणून दाराला आडणे, साखळ्या आणि जास्तीचे बोल्ट लावायची हौस करू नये.

सूचना

मुख्याध्यापिकेने ॲपवरून लॉकडाउनची सूचना देण्याचा प्रयत्न केला, पण वाय-फाय कमकुवत असल्याने ती धड जाईना. शाळेत इंटरकॉम होता. तो वापरलाच गेला नाही. काही शिक्षकांचे फोन तासाला बंद होते, काही जण ॲपमध्ये लॉग-इन नव्हते.

ज्यांना सूचना मिळाली, त्यांनाही लगेच गांभीर्य वाटलं नाही. युवाल्डे मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नाही. सीमेपलीकडून माणसं आणणाऱ्या गाड्यांचा पोलीस पाठलाग करत, गाडी कुठेतरी आदळे, आतली माणसं पळत सुटत, आणि शाळेच्या ॲपवर सूचना येई. फेब्रुवारी ते मे २०२२ या काळात अशा चाळीसहून जास्त सूचना आल्या होत्या, बहुतेक याच कारणाने. लांडगा आला रे आला! त्या दिवशीही अनेकांना आधी तेच वाटलं.

यातून निघणारं काम अगदी साधं आहे. धोका आवाराबाहेर असेल तर एक सूचना (बाहेरची दारं बंद, वर्ग चालू), आत असेल तर दुसरी, आणि दोन्हींचा आवाज, शब्द, पडद्यावरचा रंग वेगळा. ‘कोड रेड’ वगैरे सांकेतिक भाषा नको. बदली शिक्षक आणि शाळेत आलेले पालक यांना ती कळत नाही. ‘लॉकडाउन’ दोनदा म्हणायचं आणि जागा सांगायची. सूचना देण्याचा अधिकार स्वयंपाकघरातल्या आणि मैदानावरच्या माणसालाही हवा. तीन मार्ग हवेत: ॲप, ध्वनिक्षेपक, रेडिओ. आणि वर्षातला एक सराव वाय-फाय मुद्दाम बंद करून घ्यायचा. त्यात काय काय उघडं पडतं, ते पाहण्यासारखं असतं.

इथे मुंबईची आठवण टाळता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून माइकवर प्रवाशांना मागच्या गेटने बाहेर पडायला सांगितलं आणि सांगत राहिले. ‘धोका आहे, सावध राहा’ एवढंच ते म्हणाले असते तर लोक कुठेही धावले असते. सार्वजनिक इमारतीत आलेल्यांपैकी निम्म्यांना दुसरं दार कुठे आहे हेच माहीत नसतं, म्हणून सूचनेत दिशा असावी लागते. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची जड दारं लावून घेतली, दिवे मालवले आणि वीस गर्भवतींना आतल्या पँट्रीत हलवलं. लॉकडाउनच्या पाठातली एकही पायरी त्यात सुटलेली नाही.

कमांड

डिस्ट्रिक्टच्या पोलीस प्रमुखाने हात मोकळे राहावेत म्हणून रेडिओ बाहेरच टाकले आणि तो कॉरिडॉरमध्ये शिरला. आराखड्याप्रमाणे सूत्रं ज्याच्याकडे, तोच आता कुणाशीही बोलू शकत नव्हता. त्याच्या लेखी हल्लेखोर हा आत कोंडून घेतलेला इसम होता: घाई नको, चावी येऊ दे, ढाली येऊ देत. बाहेरच्यांना वाटत होतं की आत कुणीतरी सूत्रं सांभाळतंय. बारा वाजून काही मिनिटांनी ११२ मधून एका मुलीने ९११ ला (अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक) फोन केला. खोलीत जिवंत मुलं आहेत ही माहिती डिस्पॅचने (९११ चे फोन घेऊन पोलीस पाठवणारं केंद्र) रेडिओवर सांगितली, पण इमारतीत रेडिओ नीट चालत नव्हते आणि ऐकून निर्णय घेईल असा कुणी ठरलेला नव्हता. १२:२१ ला आत पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतरही जवळपास अर्धा तास गेला.

मुलं गप्प होती. तसंच शिकवलं होतं. त्या शांततेचा अर्थ खोली रिकामी असावी असा लावायला बाहेरचे मोकळे होते.

अमेरिकेच्या न्याय विभागाने जानेवारी २०२४ मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्यात प्रशिक्षणाबद्दलचा एक मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. डिस्ट्रिक्टच्या पोलिसांना दिलेल्या प्रशिक्षणातच असं सुचवलं गेलं होतं की गोळीबाराच्या घटनेचं रूपांतर ओलीस ठेवण्याच्या किंवा कोंडून घेण्याच्या घटनेत होऊ शकतं. म्हणजे धाडसाची वाक्यं होती आणि शेजारीच पळवाटही होती. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर अमेरिकी पोलिसांत रुजलेलं तत्त्व याच्या उलट आहे: आत जखमी आहेत तोवर गोळ्या थांबल्या तरी घटना चालूच धरायची. हजेरीपट भरला म्हणजे प्रशिक्षण झालं असं मानणाऱ्या कुठल्याही कायद्यातून ही चूक सुटेल. सक्ती तासांची असते. त्या तासांत काय शिकवलं, हे कुणी वाचत नाही.

यासाठी मैदानी थाटामाटाची गरज नाही. टेबलाभोवती दीड-दोन तास बसायचं: शाळा, गावचे पोलीस, काउंटीचे (जिल्ह्याचे) पोलीस, रुग्णवाहिका, डिस्पॅच. नकाशा मध्ये. दर दहा मिनिटांनी एक चिठ्ठी उघडायची. ‘गोळीबार थांबला. पुढे काय?’ ‘प्रमुख आत आहे, रेडिओला उत्तर देत नाही. आता प्रमुख कोण?’ ‘खोलीतून मुलीचा फोन आहे. ही गोष्ट दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला कोण, कशाने सांगणार?’ ‘पोलिसांच्या गाड्यांनी रस्ता भरला, रुग्णवाहिका अडली.’ ही शेवटची चिठ्ठी काल्पनिक वाटेल, पण युवाल्डेत तेही झालं. बाहेर काढलं तेव्हा नाडी चालू असलेले तिघे नंतर दगावले.

मुलांना किती दाखवायचं

सराव खरा वाटावा म्हणून कोऱ्या काडतुसांचे आवाज, खोटं रक्त, मुखवटा घातलेला हल्लेखोर हे प्रकार अनेक ठिकाणी झाले. २०१९ साली इंडियाना राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत तर प्रशिक्षणात शिक्षकांनाच प्लास्टिकच्या छर्र्यांनी मारल्याचं बाहेर आलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मुलांना घेऊन अशा नाट्यमय कवायती करण्याला विरोध नोंदवला. टेक्सासने २०२१ च्या कायद्याने अशा प्रात्यक्षिकाआधी पालक, मुलं आणि कर्मचाऱ्यांना कळवणं आणि ते वयाला साजेसं ठेवणं बंधनकारक केलं. आम्हाला हे योग्य वाटतं. आठ वर्षांच्या मुलाने शिकायच्या गोष्टी तीनच: बाईंचं ऐकायचं, दारातून दिसणार नाही तिथे बसायचं, बोलायचं नाही. त्याला बंदुकीचा आवाज लागत नाही. कोपरा मात्र आधी ठरलेला आणि मोकळा हवा. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेवरच्या २०१८ च्या हल्ल्यानंतर चौकशीत दिसलं की बहुतेक वर्गांत असा कोपरा आखलेलाच नव्हता.

त्यानंतर

२०२३ मध्ये टेक्सासने प्रत्येक शाळेत एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला, आणि वर्गागणिक आवाज न करणारं पॅनिक बटण बसवायचा कायदा केला. वर्तमानपत्रांत या दोन गोष्टींची चर्चा झाली. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षण खात्याच्या नियमांत दोन कंटाळवाण्या ओळी आल्या, त्या फारशा कुणी वाचल्या नाहीत. एक, पोलीस-अग्निशमन दलाला मिळेल अशी मास्टर चावीची पेटी इमारतीच्या बाहेर असावी. दोन, बाहेरचं प्रत्येक दार मिटलेलं, लॅच बसलेलं आणि कुलूपबंद आहे, याची आठवड्यातून किमान एकदा तपासणी व्हावी. ती करणाऱ्याला इमारतीला बाहेरून फेरी मारावी लागते, आणि प्रत्येक दाराशी थांबून हँडल ओढून पाहावं लागतं.